खार काढायला उतरताना

गाढवाच्या मागे राहा, कोशी, पुढे जाऊ नकोस.
वाट त्याला ठाऊक आहे, मला थोडीफार,
तुला अजिबात नाही.
काळ्या दगडांचा आधार घेऊ नकोस,
दिसतात बोथट, असतात काचेचे.
कापल्याचं कळतं ते तळाशी गेल्यावर,
खार झोंबतो तेव्हा.

मशक डाव्या अंगाला बांध,
उजवं अंग कड्याला घासतं.
एकदा अशीच एक फाटली,
पाणी दगडावर सांडलं
आणि आवाजसुद्धा न करता संपलं.

आता बघ खाली.
ते पांढरं, ते पाणी नव्हे.
पहिल्या खेपेला सगळ्यांनाच वाटतं.
मी तर धावत सुटले होते,
तुझा भाऊ वर काठावर उभा राहून हसत होता,
आणि मी थांबले, ओणवी होऊन पांढऱ्याला हात लावला,
तेव्हा कुठे त्याचं हसू माझ्यापर्यंत पोचलं.
इतकं खोल आहे हे.

मागे एक गोरा माणूस आला होता, डब्यात दगड भरून नेणारा.
तुझ्या आईला विचारत होता,
हा डोंगर शेवटचा कधी पेटला?
आईनं तूसिदेच्या धुराकडे हनुवटी केली,
म्हणाली, त्याला विचार, मी शेळ्या राखते.

कुदळ तिरकी मार.
वरचा पापुद्रा फेकून दे, त्यात धूळ असते.
खालचा जिभेवर ठेव.
आधी गार, मग कडू, मग साबण.
साबण लागला की तो खरा.
पांढराफेक तंबाखूला, करडा शेंगा शिजवायला,
गुलाबी निघाला तर उंटांचा,
आणि बार्दाईचा तोगोई म्हणेल सगळा करडाच आहे,
तेव्हा गोणीचं तोंड बांधायला घे आणि उठ.
दार ओलांडण्याआधी हाक मारतो.

त्या तिसऱ्या काळ्या टेकडीपलीकडे
मी कुणाला नेत नाही.
चल.

ही बघ. पाय ठेवू नकोस त्यांच्यावर.
ट्रकच्या टायरची चप्पल,
उजव्या टाचेला नक्षीची एक रेघ तुटलेली.
ओळखलीस ना?
चौदा पावलं आहेत.
पंधरावं नाही, कारण तिथं पाय मुरगळला
आणि वार्दुगुसाहेब गाढवावर बसले,
मी गोणी पाठीवर घेऊन वर आले, शिव्या देत.

तीन हिवाळे झाले.
पाऊस इथं येत नाही,
वारासुद्धा इतकं खाली उतरायचा कंटाळा करतो.
तो सोन्याला गेला, उत्तरेला, कूरीकडे.
कुणी सांगतं, भुयार बसलं.
कुणी सांगतं, लिबियात ट्रक चालवतो, जाड झालाय.
मी दोघांचंही ऐकून घेते.
दोघांनाही तीन-तीन पेले चहा देते.

गेल्या वर्षी मी भोवतीनं खणलं.
पावलं उंचावर राहिली, ओट्यावर राहावीत तशी.
यंदा बाकी सगळीकडे थर उतरलाय,
मातीच लागते दोन घावांत.
चांगला खार उरलाय तो एवढ्यातच.

डोळे पुसू नकोस, हाताला खार आहे.

मी मोजून ठेवलंय,
चौदा पावलांची दीड गोणी होईल.
एका गोणीचं धान्य,
अर्धीत तुला वहाणा, टायरच्या नकोत, बंदाच्या घेऊ.
कुणाच्या तरी चुलीवर शेंगा लवकर मऊ पडतील,
त्यांना काय माहीत.
बरंच आहे ते.

दे ती कुदळ.
नाही, थांब, तूच मार.
टाचेकडून सुरू कर.
मी गोणी धरते.

आणि चढताना मात्र गाढवाच्या पुढे राहा,
ओझं घसरलं तर मागच्याच्या अंगावर येतं.